डॉलरची वर्गणी आणि केडगावची विहीर

नगरच्या माणसाला केडगाव म्हटले की पुणे रस्त्यावरचे देवीचे केडगाव आठवते. पण भीमा ओलांडून दौंड तालुक्यात गेले की आणखी एक केडगाव लागते. नगरहून निघालेली गाडी दौंडला पुण्याकडे वळते, पाटस मागे पडते आणि मग थोड्याच वेळात हे छोटे स्टेशन येते. तिथे उतरणाऱ्यांपैकी काही जण नारायण महाराजांच्या बेटाकडे जातात. काही जणांना जायचे असते ते मुक्ती मिशनमध्ये. माझ्या नोकरीची काही वर्षे या पट्ट्यात गेली, आणि या केडगावची टपाले त्या केडगावला जाण्याचे प्रकार आम्ही बँकवाल्यांनी नेहमी पाहिलेले. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण दोन केडगावांचा घोळ काही मिटलेला नाही.

या दुसऱ्या केडगावात पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे काढली. त्यांचे चरित्र आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. संस्कृत पंडिता, बालविधवांची कैवारी, ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण बाई. ही ओळख खरीच आहे. पण संस्थांची खाती तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला या चरित्रात एक वेगळीच गोष्ट दिसते. हजारो मैलांवरच्या बायकांनी आणि कॉलेजातल्या मुलींनी दरवर्षी बाजूला काढलेल्या एकेक डॉलरवर इथे एक संस्था उभी राहिली. त्या डॉलरला अट होती आणि मुदतही होती. अट पाळायची, मुदत संपल्यावरही संस्था जगवायची, आणि स्वतःच्या मनाशीही खोटे बोलायचे नाही, हा या बाईंपुढचा पेच होता.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडचे चित्पावन. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. ते पाहून तरुण अनंतशास्त्र्यांच्या मनाने घेतले, की आपल्या बायकोलाही शिकवायचे. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांनी ते होऊ दिले नाही. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी शिकवले, आणि मग धर्ममार्तंडांपुढे आपली बाजू शास्त्राधाराने मांडावी लागली. रानात राहायला जाण्यामागे हेही एक कारण होते. घरात येणारा अतिथी, विद्यार्थी, यात्रेकरू यांच्या पाहुणचारात होते नव्हते ते संपले. मग शास्त्रीबुवा बायको-मुलांना घेऊन तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. देवळात बसून पुराण सांगायचे, जे मिळेल त्यावर गुजराण करायची. रमाला अक्षरे आणि श्लोक आईने शिकवले. भागवताचे हजारो श्लोक तिला लहानपणीच पाठ झाले होते.

१८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार? आणि आले तरी देणार काय? अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागायची लाज, अशा अवस्थेत हे कुटुंब रानातला पाला आणि फळे खाऊन दिवस काढू लागले. त्यात आधी वडील गेले, मग आई गेली, थोरली बहीणही गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. आईला खांदा द्यायला माणसे पुरेनात, तेव्हा रमेनेही खांदा दिल्याचे सांगतात. हा दुष्काळ लक्षात ठेवायला हवा. वीस वर्षांनी तो पुन्हा या गोष्टीत येणार आहे.

बहीणभाऊ पायी उत्तर हिंदुस्थान हिंडून १८७८मध्ये कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची मुलगी, अविवाहित, आणि अस्खलित संस्कृत बोलणारी! तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढचे सगळे भराभर घडले. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. तो शूद्र मानलेल्या जातीतला. दोघांनाही आपापल्या समाजाने वाळीत टाकले. आसामातल्या सिल्चरला संसार मांडला, एप्रिल १८८१मध्ये मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२मध्ये पटकीने नवराही गेला. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरात दहा महिन्यांची मुलगी होती, आणि माहेर, सासर, जात, गाव यांतले काहीच उरले नव्हते.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर आदी सुधारक मंडळींनी स्वागत केले. आर्य महिला समाज स्थापन झाला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून झाले. शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना रमाबाईंनी मुलींसाठी शिक्षिका हव्यात, शाळा तपासायला स्त्री अधिकारी हव्यात आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, असे सांगितले. स्वतः डॉक्टर व्हायचे त्यांनी ठरवले. पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या अँग्लिकन भगिनींशी ओळख झाली होती. इंग्लंडात वाँटेज येथे या भगिनींचा मठ होता. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाची सोय करून १८८३मध्ये त्या तान्ह्या मनोरमेला घेऊन बोटीत बसल्या.

वाँटेजच्या या भगिनी रोमन कॅथलिक नव्हेत, इंग्लंडच्या चर्चमधल्या. पण वेष, दिनक्रम, व्रतस्थ राहणे, सेवा हा सगळा थाट कॅथलिक जोगिणींचाच. आपल्याकडे नगर जिल्ह्यातल्या दवाखान्यांतून आणि शाळांतून सिस्टर म्हणून ज्या बायका आपण पाहतो, त्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. लंडनजवळ फुलहॅम येथे या भगिनींचे एक घर होते. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे ठेवून घेत, काम शिकवीत आणि पुन्हा उभे करीत. रमाबाईंनी ते पाहिले आणि त्या थक्क झाल्या. पतित ठरलेल्या बाईला परत यायला दार ठेवणे, ही गोष्ट त्यांनी ज्या शास्त्रांत आयुष्य घालवले त्यांत कुठे दिसली नव्हती. पुढच्या आयुष्यात त्यांनी पुष्कळ तत्त्वचर्चा केली, भांडणेही केली. पण मला वाटते, त्यांचे मन वळवणारा युक्तिवाद कुठल्या ग्रंथात नव्हता, तो फुलहॅमच्या त्या घरात होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात खळबळ माजली. ज्यांनी डोक्यावर घेतले होते त्यांच्यापैकी अनेकांनी पाठ फिरवली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५च्या सत्सारमध्ये त्यांची बाजू घेतली. यात नगरकराला एक धागा दिसावा. फुल्यांनी मुलींची शाळा पाहिली होती ती आपल्या नगरमध्येच. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८३९पासून इथे मुलींच्या शाळा चालवीत होती. लग्न न करता सगळी हयात तिने या कामात घालवली आणि १८६२मध्ये नगरलाच देह ठेवला. तिचे नाव आज किती नगरकरांना ठाऊक आहे, हा प्रश्न मी इथे विचारत नाही.

इंग्लंडमध्ये एक अडचण आली. रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागले होते. डॉक्टरकीचा विचार सोडावा लागला. १८८४पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात राहिल्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील या मोठ्या मनाच्या बाई. रमाबाई तिथे गणित, विज्ञान, इंग्रजी शिकल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे की नाही यावरून चर्चच्या अधिकाऱ्यांनी नाके मुरडली, तेव्हा त्यांनी त्यांना खणखणीत उत्तर दिले. धर्ममतांबद्दलही त्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांमागून पत्रे लिहून वाद घालीत राहिल्या. ख्रिस्ती झाले म्हणजे विचार करण्याचा हक्क गहाण टाकला असे नव्हे, असा या पत्रांचा एकूण सूर. म्हणजे पुण्याचे शास्त्री नाराज आणि इंग्लंडचे बिशपही नाराज. कुणा एका गटाला सर्वस्वी सोयीचे होणे या बाईंना जन्मात जमले नाही.

मग अमेरिका. मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या सोहळ्याला रमाबाई गेल्या, आणि थोड्या दिवसांसाठी गेलेल्या तिथे अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. बालोद्यान पद्धत शिकल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर १८८७मध्ये इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याच्या हजारो प्रती खपल्या. आणि गावोगाव भाषणे दिली. मागणे एकच होते. हिंदुस्थानातल्या उच्चवर्णीय बालविधवांसाठी एक घर हवे. तिथे त्या राहतील, शिकतील, स्वतःच्या पायावर उभ्या राहतील. धर्म बदलायची सक्ती नाही, प्रचारही नाही.

डिसेंबर १८८७मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. खरी गंमत आहे ती तिच्या शाखांची. गावोगाव रमाबाई मंडळे निघाली. प्रत्येक सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा आणि असा दहा वर्षे देत राहायचे वचन द्यायचे. चर्चमधल्या बायकांनी मंडळे काढली, तशी कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थिनींनीही काढले. त्या काळचा डॉलर म्हणजे आपले जवळपास तीन रुपये. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने स्वतःच्या खर्चाला कात्री लावून तो द्यायचा, तोही अशा बायकांसाठी ज्यांना ती आयुष्यात कधी भेटणार नव्हती.

एका दमात हजार डॉलर देणारा दाता मिळतो. टाळ्या वाजतात, भिंतीवर पाटी लागते. पण दहा वर्षे न चुकता एक डॉलर देणारा माणूस मिळणे किती कठीण, हे बचत गटांची खाती हाताळलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या महिन्यात सगळ्यांचे पैसे येतात, सहाव्या महिन्यात निम्म्यांचे. हे वचन घेण्यात या बायकांचा मोठा व्यवहार दिसतो. रमाबाईंना दरवर्षी किती येणार याचा अंदाज बांधता येत होता. त्यांनी या देशाबद्दल परत येऊन मराठीत एक प्रवासवर्णन लिहिले. त्यात इमारती आणि धबधबे यांच्या बरोबरीने तिथल्या बायकांच्या संघटनांनाही त्यांनी भरपूर जागा दिली आहे. पाहायचे काय, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. समारंभाच्या अध्यक्ष काशीबाई कानिटकर. सुरुवातीला मुली दोनच होत्या. त्यांतली एक गोदूबाई जोशी, ऐन तारुण्यातली विधवा. हिनेच पुढे १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. अण्णा कर्व्यांचा हिंगण्याचा आश्रम आणि १९१६चे महिला विद्यापीठ ही नंतरची गोष्ट. त्या कामामागच्या घरातली बाई अमेरिकन मुलींच्या त्या डॉलरवर शिकलेली होती, एवढे मात्र नोंदवून ठेवायला हवे.

१८९०च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला हलले. मुली वाढल्या. जातीचे नियम पाळता यावेत म्हणून स्वयंपाकाची वेगळी व्यवस्था होती. मुलींना आपापली पूजाअर्चा करायला मोकळीक होती. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे. आणि तिथेच ठिणगी पडली.

प्रकरण असे होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत रोज प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. मुलींना या म्हणून सांगितले जात नसे, येऊ नका म्हणूनही सांगितले जात नसे. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांतल्या काहींचे मन तिकडे ओढले जाऊ लागले. सल्लागारांचे म्हणणे, की ज्या अटीवर आम्ही लोकांना तुमच्याकडे मुली पाठवायला सांगितले तिचा हा भंग आहे. रमाबाईंचे म्हणणे, की मी माझे दार का लावून घ्यावे? मुलींना हिंदू धर्म पाळायची मोकळीक आहे तशी माझ्या खोलीत यायचीही आहे. केसरीने टीकेची झोड उठवली. ऑगस्ट १८९३मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले.

या वादात आजही लोक दोन तट करून बसतात. रानड्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे आणि रमाबाईंना कपटी म्हणणे त्याहून सोपे. मला दोन्ही पटत नाही. रानड्यांनी आपली पत पणाला लावून बापांना आणि भावांना तयार केले होते. विधवा मुलीला घराबाहेर पाठवणे म्हणजे त्या काळी काय होते याची कल्पना करा. त्यांच्या शब्दावर पाठवलेली मुलगी धर्मांतराच्या वाटेवर दिसली की दुसरी मुलगी कोण पाठवणार? त्यांची भीती खोटी नव्हती. पण ज्या बाईने आयुष्यभर कुणाचीच दडपशाही मानली नाही, तिने स्वतःच्या खोलीत देवाचे नाव चोरून घ्यावे, ही अपेक्षाही धड नव्हती. शाळा तटस्थ ठेवायची हे कागदावर लिहिता येते. पण शाळेची आई तटस्थ कशी राहणार? ज्या बाईने तुम्हाला जेवू घातले, वाचायला शिकवले, तिच्या उघड्या दाराचे वजन बंद दाराच्या शंभर उपदेशांपेक्षा जास्त असते. हे रमाबाईंना कळत नव्हते असे मी म्हणणार नाही.

बोस्टनच्या समितीने चौकशी केली आणि ती रमाबाईंच्या पाठीशी राहिली. डॉलर येत राहिले. घरे मात्र तुटली. यापुढे पुण्याच्या प्रतिष्ठित समाजातून त्यांना पूर्वीसारखी साथ मिळाली नाही.

पण दहा वर्षांची मुदत संपत येत होती. १८९८ उजाडले की जुनी वचने संपणार. रमाबाईंनी याचा विचार आधीच सुरू केला होता, आणि इथे मला त्यांच्यातला व्यवहारी माणूस फार आवडतो. त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. हेतू असा, की संत्री, लिंबे, आंबे लावायचे, विहिरी खणायच्या आणि बागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचे. देणगीवर चालणारी संस्था दात्याच्या मर्जीवर असते. पाण्यावर चालणारी निदान पावसाच्या मर्जीवर असते! दौंडकडची जमीन कशी आहे हे आपल्या श्रीगोंदे-कर्जतच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तिथे आमराईचे स्वप्न पाहणे हे धाडसच होते.

झाडे अजून हाताशी आली नव्हती, तोच १८९६-९७चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. रमाबाई जायला निघाल्या. शारदासदनाची खर्चाची बाजू बेताची, पदरी मुली असलेल्या, तरी निघाल्या. रस्त्यांवर आणि मदतछावण्यांत जे दिसले ते त्यांनी वीस वर्षांपूर्वी स्वतः भोगले होते. उपाशी मुलींना फसवून नेणारे लोक तिथे हिंडत होते, आणि छावण्यांतही मुली सुरक्षित नव्हत्या. काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगमुळे नियम कडक झालेले, इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. मग त्यांना केडगावच्या शेतावर नेले. तंबू ठोकले, झोपड्या बांधल्या. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर मुक्ती वसली ती अशी, कुठल्याही आराखड्याशिवाय.

प्लेगच्या दवाखान्यांत बायकांची जी हेळसांड चालली होती, तिच्याबद्दल त्यांनी १८९७मध्ये मुंबईच्या एका वृत्तपत्राला पत्र लिहून सरकारलाही सुनावले. त्यांच्याकडची एक मुलगी तिथून नाहीशी झाली होती. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या इंग्रजांच्या बाजूच्या झाल्या असे समजणाऱ्यांनी हे पत्र आठवावे.

या मुलींबरोबर संस्थेचा चेहराच बदलला. शारदासदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. दुष्काळ जात पाहून येत नाही. आता आल्या त्या शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, सर्व जातींच्या मुली. अक्षर न पाहिलेल्या, आजारी, काही पार हाडांचा सापळा झालेल्या. संस्कृत श्लोकांत वाढलेल्या पंडितेला आता उवा काढायच्या होत्या, खरूज धुवायची होती, आणि पेजेचे प्रमाण ठरवायचे होते, कारण फार उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर घातले तर तो मरतो. इथे धर्माबाबतचा जुना करारही राहिला नाही. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. १८९८मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, मुदत संपलेल्या संघटनेला हिशेब दिला आणि नव्याने मदतीची संघटना उभी राहिली. दहा वर्षांपूर्वी दिलेला शब्द पाळून झाला होता. आता पुढचे काम त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेने चालणार होते. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने ते बरेच झाले, असे मला वाटते. हिंदू समाजाशी उरलेला पूल मात्र तेव्हाच तुटला. हे नुकसान दोन्ही काठांचे होते.

१८९९-१९००चा दुष्काळ त्याहून भयंकर. या वेळी गुजरात आणि राजपुताना होरपळला. आपल्या भागातही तो आठवणीत राहिला. केडगावला मुलींची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. आसपासच्या विहिरी आटत होत्या. इतक्या माणसांना प्यायला, शिजवायला, धुवायला पाणी, शिवाय चाललेले बांधकाम. मुक्तीच्या विहिरींनी साथ दिली. मिशनमधले लोक याला प्रार्थनेचे फळ म्हणतात. विहिरी योग्य वेळी आणि पुरेशा खोल खणल्या होत्या, असे कुणी हिशेबी माणूस म्हणेल. रमाबाईंनी दोन्ही केले होते.

मग त्या माळावर एक गावच उभे राहिले. वाट चुकलेल्या आणि टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमच्या घराची ती केडगावची आवृत्ती. म्हाताऱ्यांची वेगळी सोय झाली. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवू लागल्या. तेलाची घाणी, हातमाग, गोठा, धोबीकाम, विटा पाडणे, भाजीपाला, शिवण, आणि छापखाना. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी ही कामे मुली करीत. काल-परवापर्यंत ज्यांना अक्षर ठाऊक नव्हते, त्या मुली उलटी अक्षरे सुलट वाचून ओळी जुळवू लागल्या. देणगीदारांना कामाची हकीकत कळवणारे पत्रक इथूनच छापून निघे. देशोदेशींहून मदतीला बायका आल्या. कुणी पगारावर, बऱ्याच नुसत्या पोटावर.

सगळेच सुरळीत होते असे नाही. इतक्या मुली, इतकी दुखणी, मृत्यूही पुष्कळ. १९०५मध्ये मुक्तीत प्रार्थनेची एक प्रचंड लाट आली. मुली रात्ररात्र रडून, ओरडून प्रार्थना करू लागल्या. त्याची कीर्ती जगभरच्या ख्रिस्ती मंडळींत झाली, तशी टीकाही झाली. दुष्काळात आईबाप डोळ्यांदेखत गेलेल्या शेकडो मुली एका ठिकाणी राहत होत्या, ही गोष्ट डोळ्यांआड करून या लाटेकडे पाहता येईल असे मला वाटत नाही. पण हा प्रांत माझा नव्हे.

रमाबाईंनी शेवटची दीडदोन दशके बायबलाच्या मराठी भाषांतराला दिली. असलेले भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या बाईला वाचून समजेल असे ते हवे होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंडितांच्या सभेत संस्कृत बोलून पदवी मिळवलेली ही बाई आता तेच शब्द गाळीत बसली होती. ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. १९१९मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले.

मनोरमाबाईंवर सगळी भिस्त होती. शाळा त्या चालवीत होत्या, पुढचा भारही त्याच उचलणार असे धरून चालले होते. जुलै १९२१मध्ये मिरजेला त्या गेल्या. सिल्चरहून पुण्याला कडेवरून आणलेली, बोटीने इंग्लंडला नेलेली ही एकुलती एक मुलगी चाळिसाव्या वर्षी आईच्या आधी गेली. रमाबाईंनी काम थांबवले नाही. भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे निधन झाले. चौसष्ट वर्षे पुरी व्हायला काही दिवस बाकी होते.

महाराष्ट्राने त्यांना परत जवळ करायला वेळ लावला. त्यांचे एक महत्त्वाचे मराठी चरित्र १९६०मध्ये आले, आणि ते लिहिले देवदत्त नारायण टिळकांनी. म्हणजे राहुरीत आणि नगरला ज्यांचा संसार झाला, त्या रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंच्या मुलाने. बापाच्या धर्मांतराने घर कसे दुभंगते आणि पुन्हा कसे सांधते, हे त्यांनी पाळण्यापासून पाहिले होते. टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीट काढले ते १९८९मध्ये, शारदासदनाच्या शताब्दीच्या वर्षी.

मुक्ती मिशन आजही त्याच जागी चालू आहे. रमाबाईंचे संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात १९२४मध्ये बाहेर पडले. त्याची पाने केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्या बायकांनी जुळवली आणि छापली होती.